आईला तुमचा जुना फोन देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत, आई मानवत तालुक्यातल्या गावी. वय ५६, शाळा चौथीपर्यंत, शेतात रोजचं जाणं-येणं. आजवर बटणाचा फोन, तोही कुणाचा आला तर उचलण्यापुरता. “माझा चार वर्षांपूर्वीचा फोन चांगला चालतोय, तो तिला देऊ, की दहा-बारा हजारांत नवा घेऊ? आणि ती ‘मला नको तसला’ म्हणते, तर तिला त्याची गोडी कशी लागावी?”

मी परभणीत २००३ पासून फोन विकतोय आणि दुरुस्त करतोय. दुकान टाकलं त्याच वर्षी नोकिया ११०० आला होता. आमच्याकडं तो बोलण्यापेक्षा टॉर्चसाठी खपला. रात्रीची लाइट असली की मोटार चालू करायला वावरात जायचं, तेव्हा हातात उजेड पाहिजे. तेव्हापासून एक गोष्ट बघत आलोय. आपल्या भागातला माणूस फोनच्या प्रेमात पडतो तो फोनचे गुण वाचून नाही. त्याचं एक अडलेलं काम फोन कुणाच्या मिनतवाऱ्या न करता करून देतो, तेव्हा पडतो. म्हणून कोणता फोन हे सांगायच्या आधी कुणाचा हात, हे विचारावं लागतं.

आधी जुन्या फोनचा निकाल लावू. देऊ नका.

तुमच्या हातात तो चांगला चालतो कारण तुम्ही दिवसभर चार्जरच्या शेजारी बसता. चार वर्षांत बॅटरीचा कस उतरलेला असतो, पण ऑफिसात तो कळत नाही. गावात लाइट कधी येणार हे महावितरणला माहीत, आणि आई सकाळी आठला घर सोडते ती दिवेलागणीला परतते. दुपारी दोनला फोन मेला की संध्याकाळी ती म्हणणार, माझं बटणाचंच बरं होतं, आठ दिवस चार्जिंगला लावायचं काम नव्हतं. त्या वाक्याला उत्तर नाही. शिवाय चार वर्षांच्या स्वस्त फोनला कंपनीचे सुरक्षा अपडेट बहुतेक बंद झालेले असतात. ज्या माणसाला फसवणूक ओळखायची सवय नाही त्याच्या हातात नेमका कमकुवत कुलपाचा फोन द्यायचा, हे उलटं आहे.

आणि गुगल खात्याचा घोळ वेगळाच. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये खातं ठेवून तो बाहेरून, बटणं दाबून रिसेट केला की आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो. चोर अडावा म्हणून केलेली सोय आहे, पण सापडतात बापच. जिंतूरकडचे एक मामा दोनदा एसटीनं आले होते. पोरानं स्वतःचा फोन दिलेला, नातवानं पॅटर्न बदलून ठेवला, कुणीतरी बटणं दाबून रिसेट मारला, आणि आता फोन पोराचा पासवर्ड मागतोय. पोराला तो आठवत नाही, कारण तोवर त्यानं नंबरही बदललेला. मामा मला म्हणाले, “लेकराचाच फोन हाय, चोरीचा नाही बाप्पा.” मला पटत होतं, फोनला पटत नव्हतं. जुना फोन कुणालाही द्यायचाच झाला तर सेटिंगमध्ये जाऊन आधी आपलं खातं काढा, मग तिथूनच रिसेट करा.

एक कारण मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत नाही, इथं सांगतो. आईला कळतं. घरात आयुष्यभर उरलेलं खाल्लेली बाई असते, तिला हेही उरलेलंच आलं हे तिला कुणी सांगावं लागत नाही. “मला नको तसला” यातला निम्मा नकार मला तोच वाटतो.

आता नवा घ्यायचा. तर पहिली परीक्षा बोटांची.

कापूस वेचणीच्या दिवसांत बायका दुकानात येतात तेव्हा त्यांची बोटं बघा. बोंडाची वाळलेली टोकं लागून ओरबाडलेली, टोकाशी चिरा पडलेल्या, कातडी कोरडी ठक्क. टचस्क्रीनच्या काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं, आणि बोट टेकलं की त्यातला भार जरासा बदलतो. स्क्रीनला तेवढंच कळतं, दाब कळत नाही. ओलसर मऊ बोट तिला लगेच समजतं. राठ, कोरडं बोट समजत नाही. मग बाई जोरात दाबते, आणखी जोरात दाबते, आणि शेवटी म्हणते, “मला नाही येत हे.” येत नाही हे खरं नाही. काच तिला ओळखत नाही. त्यावर दुकानदार (आम्हीच) वरून जाड टेम्पर्ड ग्लास चिकटवतो, म्हणजे उरलंसुरलं गेलं. म्हणून फोन तिच्याच बोटानं चालवून बघायचा, तुमच्या नाही. काही फोनमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, ती चालू करा. ग्लास लावायचीच तर पातळ लावा.

त्याच बोटांमुळं अंगठ्याचं लॉकही भरवशाचं नाही. रेशन दुकानात मशिनवर अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. बोटावरच्या रेषाच झिजलेल्या असतात. पिन ठेवा, चार किंवा सहा आकडी, आणि तो तिला निवडू द्या. जन्मसाल नको एवढंच सांगा.

दुसरी परीक्षा उन्हाची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन देखणे दिसतात. मी गिऱ्हाइकाला फोन घेऊन बाहेर रस्त्यावर उभं करतो, दुपारी, आणि म्हणतो, आता यावर कुणाचं नाव आलंय ते वाचा. बऱ्याच स्वस्त फोनचा पडदा तिथं काळा आरसा होतो. स्वतःचं तोंड दिसतं, नाव दिसत नाही. तुमच्या आईला फोन वावरातच लागणार आहे. खातेदार शेतकरी असाल तर ई-पीक पाहणी तुम्हाला माहीत असेल. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच ॲपमधून करायची, वावरात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. त्याला लोकेशन नीट पकडणारा फोन आणि उन्हात दिसणारा पडदा लागतो. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे तिथं कुणी विचारत नाही.

तिसरी परीक्षा आवाजाची. पिशवीत फोन, वर डब्याचं फडकं, शेजारी मळणी यंत्र. रिंग ऐकू येते का, हे दुकानात फोन पिशवीत टाकूनच बघायचं. लोक मला हसतात, पण बघतात.

आता कागदावरचे आकडे, तुम्ही तेच विचारणार म्हणून. रॅम, म्हणजे फोनची चालू कामाची जागा, खरी सहा जीबी मिळाली तर उत्तम, चारच्या खाली जाऊ नका. डब्यावर “४+४” असं छापलेलं असतं त्यातली दुसरी चार रॅम नसते, स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते आणि ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. स्टोरेज १२८ जीबी घ्या. ६४ मधून फोनची स्वतःची व्यवस्था बरीच जागा खाते, आणि उरलेली सुप्रभातच्या फुलांनी वर्षभरात भरते. बॅटरी आता बहुतेकांत पाच हजार एमएएच किंवा जास्त येते, त्यामुळं त्यात डोकं घालू नका. त्याऐवजी ती किती लवकर भरते ते विचारा, कारण लाइट तासभरच आली तर तासाभरात जेवढं भरेल तेवढंच आपलं. चार्जर डब्यात आहे का तेही बघा. आजकाल बऱ्याच डब्यांत नसतो आणि मग त्याचे पैसे वेगळे. मागचे तीन गोल म्हणजे तीन कॅमेरे असं समजू नका, या किमतीत त्यातले एक-दोन शोभेचे असतात.

५जी असावा का? आहे तर असू द्या, पण त्याच्यासाठी दुसरं काही सोडू नका. एक खाच माहीत ठेवा. जिओचं ५जी स्वतंत्र जाळ्यावर चालतं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलनं २०२२ मध्ये सुरुवात केली ती ४जीच्या टेकूवर, म्हणजे एनएसए. काही स्वस्त ५जी फोन फक्त एसएवरच चालतात. आईचं सिम एअरटेलचं असेल तर दुकानात हे विचारून घ्या. पण त्याहून मोठा प्रश्न गावात घराच्या आत कोणत्या कंपनीचे दोन दांडे येतात हा आहे, आणि त्याचं उत्तर शेजारच्या पोराला विचारलं तर फुकट मिळतं.

बिल घ्या, आणि फोन सुरू झाला की *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्याशी आणि बिलाशी जुळवा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ ला पाठवला तर फोन अस्सल आहे की काळ्या यादीतला ते कळतं. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पैसे काढूच नयेत. आठवडी बाजारात फोन गेला तर त्याच आयएमईआयवरून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद पाडता येतो; पण बिल सापडत नाही, ही रडकथा आमच्याकडं रोजची. डबा माळ्यावर ठेवा, बिलाचा फोटो तुमच्या फोनमध्ये.

ऑनलाइन पाचशे-हजार स्वस्त मिळतो, मिळू द्या. दुकानदार असून सांगतो. फक्त आधी कुठल्या तरी दुकानात तिच्या हातात तो फोन देऊन बघा. आमच्याकडं वजन, जाडी, बटण कुठं आहे हे बघून न घेता जाणारी माणसं पुष्कळ येतात, आम्हाला सवय आहे.

फोन आला. आता गोडी.

आधी फोन तिच्यासारखा करा. तिच्या नावाचं स्वतंत्र गुगल खातं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून बँकेच्या पासबुकात. भाषा मराठी, अक्षर मोठं. खाली तीन बटणांची पट्टी चालू करा. बोट सरकवून मागं-पुढं जायची पद्धत तिच्या वयाला फार निसटती आहे. आणखी एक सेटिंग आहे, सुलभतेच्या यादीत, “स्पर्श करा आणि धरून ठेवा” याला लागणारा वेळ. तो लांब करा. बटणाच्या फोनवर वीस वर्षं घालवलेला माणूस बटण दाबून धरतो. टचफोनवर दाबून धरलं की चित्र जागचं हलतं, कधी पडद्यावरून जातंच. मग “व्हॉट्सॲप उडालं” म्हणत माणूस गंगाखेडहून तिकीट काढून येतो आणि मी ते दोन सेकंदांत परत आणून देतो. त्याला वाईट वाटतं, मला चहा पाजतो.

लॉकस्क्रीनवर येणाऱ्या जाहिराती आणि बातम्या बंद करा. व्हॉट्सॲपचं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. सिम मात्र तिचंच ठेवा, नंबर बदलू नका. आधारला, बँकेला, लाडकी बहीणच्या केवायसीला तोच नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी तिथंच येतो. जुनं सिम मोठ्या आकाराचं असेल तर कापत बसू नका, सिम कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं घ्या.

मग शिकवणं. इथं बहुतेक पोरं चुकतात, आणि मीही चुकलोय, माझ्या आईच्या वेळी. तिनं विचारलं, “हे कसं करायचं रं?” की आपण “आण इकडं” म्हणून फोन ओढून घेतो, चार ठिकाणी टकटक करतो आणि “झालं बघ” म्हणून परत देतो. तिला काय दिसलं? अंगठ्याची पळापळ. मी आता दुकानात दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहतो आणि तोंडानंच सांगतो. फोन तिच्या हातातून सुटू द्यायचा नाही. वेळ लागतो. गिऱ्हाईक थांबून राहतं. पण जे बोट एकदा स्वतः तिथं गेलं ते परत जातं.

पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी: आलेला फोन घेणं, तुम्हाला आवाजाचा निरोप पाठवणं, आणि माइकवर बोट ठेवून काहीतरी विचारणं. टायपिंगचं नाव काढू नका. मराठी आवाज फोनला आता बराच कळतो, आपल्या “कामून” आणि “लई” ला जरा अडखळतो एवढंच. २०१२ साली मी पहिला अँड्रॉइड घेतला, तीन इंची, तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीत एक आडवळणाचं सेटिंग बदललं की मराठी मजकूर चित्र होऊन यायचा आणि वाचता यायचा. ते मला कुणीतरी सांगितलं, आणि स्टेशनवर देवगिरीची वाट बघत मी त्या इवल्या पडद्यावर मराठी पेपर वाचला. हैदराबादच्या जगदीश मार्केटला स्पेअर आणायला निघालो होतो. फोन गरम झाला, अर्ध्या बॅटरीचा बट्ट्याबोळ झाला, गाडी दीड तास लेट होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही. त्या फोनवर माझा जीव बसला तो तिथं. नंतर त्याच्याहून दसपट ताकदीचे फोन वापरले, त्यांची नावं आज आठवत नाहीत.

आईचं तसं ठिकाण कोणतं असेल ते तुम्ही ठरवू शकत नाही, शोधू मात्र शकता. कुणाला हरिपाठ, कुणाला जात्यावरच्या ओव्या. पावसाळ्यात वावरात जाणाऱ्यांसाठी मी पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप टाकून देतो. वीज आसपास पडण्याची शक्यता असली की सांगतं, आणि मराठवाड्यात विजेनं माणसं मरतात हे कुणाला सांगायला नको. पण ते काळजीपोटी झालं, गोडी वेगळी. येलदरीकडच्या एका मावशीला मी नकाशात उपग्रहाचं चित्र उघडून दिलं आणि माहेरचं गाव विचारलं. तिनं दोन बोटांनी ते मोठं केलं, नदीच्या वळणावर आली, थांबली. “ही आमची बारव.” एक काळा ठिपका होता. मला तो ठिपकाच दिसत होता. मग तिनं तिथून वाट धरली, चिंचेखालून, कुणाकुणाच्या बांधावरून, थेट घरापर्यंत, आणि सगळ्या वाटेवर नावं सांगत गेली. बोटं कोरडी होती, मध्येच टच चालेना, तर तिनं बोटावर फुंकर मारली आणि परत सुरू. मी हात पाठीमागं बांधून उभा.

पैशाचे ॲप पहिले दोन-तीन महिने टाकू नका. टाकाल तेव्हा एकच पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. लग्नपत्रिका, पीएम किसान, गाडीचं चलान अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, व्हॉट्सॲपवर आली तर ओळखीच्याकडून आली तरी उघडायची नाही. त्या ओळखीच्याचाच फोन आधी कुणीतरी ताब्यात घेतलेला असतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

मे महिन्यात फोन पत्र्याखाली, चुलीजवळ, गाडीच्या आरशाशी टांगून ठेवायचा नाही. बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, की त्याच दिवशी वापरणं बंद. आणि कापसाच्या हंगामात चार्जिंग होईना झालं तर आधी पोर्टमध्ये बघा. आमच्याकडं त्या दिवसांत “चार्जिंग खराब” म्हणून येणाऱ्या कितीतरी फोनमध्ये कापसाचा दाबलेला बोळा निघतो. फोन बंद करून लाकडी काडीनं हळू काढायचा, टाचणीनं नाही.

राहिलं एक, आणि ते मी सगळ्यांत आधी करतो. बटणाच्या फोनवर तुमची आई नाव वाचून फोन लावत नसेल. दोन दाबून धरलं की लेक, तीनला लेकीचं घर, असं काहीतरी असेल. तिला विचारून घ्या. ते क्रमांक तोडले तर तिचं सगळं गाव तुटतं. त्याऐवजी पहिल्याच पडद्यावर माणसांचे फोटो लावून द्या, फोटोवर बोट टेकलं की थेट फोन. पाथरीकडची एक काकू आली होती, अक्षरओळख नसलेली. मी तिच्या नऊ माणसांचे फोटो लावले. तिनं एकेकाकडं बघून घेतलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. “ही माझी नणंद. हिला सगळ्यात खाली टाक.” टाकली. दिवाळीनंतर ती चार्जरची वायर घ्यायला आली, पैसे मोजायला फोन काउंटरवर ठेवला, तर नणंद वरच्या ओळीत, लेकाच्या शेजारी. कुणी हलवून दिलं विचारलं तर म्हणाली, “मीच. दाबून धरलं की हलतंय की ते.”